रांगेच्या शेवटाला

सोनूबाई रांगेत शेवटाला चालायची, आणि तिच्या मागून कुणीतरी चालायचं.

हे तिला पहिल्यांदा उमगलं ते शिमगा उलटल्यावर. दिवस बुडायला आला होता. गिरजा नदीच्या काठच्या कड्यात जुनं लेणं होतं, त्याच्यापुढच्या खडकावर बैठकीची माणसं एकामागं एक, अगदी सावकाश चालत होती. नजर खाली, हात पोटाशी, तोंडात शब्द नाही. पुढं झुंबरबाईची टाच दिसत होती, भेगाळलेली, शेणानं हिरवी झालेली. मागं कुणी नसायला पाहिजे होतं. पण सोनूबाईनं पाय टेकला की मागं एक पाय टेकायचा. तिनं उचलला की उचलायचा. अनवाणी पायाचा आवाज, खडकावर ओलं फडकं ठेवल्यासारखा.

मागं बघायचं नाही, असं शिकवलेलं होतं. तिनं बघितलं नाही. पाठीवर मात्र भर उन्हाळ्यात काटा आला.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. जर्मन-जपानची लढाई संपायला आली होती. उंबरदरी हे केदारखेड्याकडचं लहानसं गाव, आणि गावापासून हाकेच्या अंतरावर महारवाडा. त्या लेण्याला गाव 'भुताची ओसरी' म्हणायचं. आत काळोख्या खोल्या, खोल्यांत दगडाचे ओटे, ओट्यांना उशीसारखे दगडाचेच उंचवटे. ओट्यावर हात फिरवला तर मधोमध खोलगट लागायचं, माणसाच्या पाठीएवढं. गुराखी पोरंसुद्धा तिथं सावलीला बसत नसत.

बैठक चालू केली भुजंगनं. भुजंग म्हणजे सोनूबाईच्या नवऱ्याचा, कडूबाचा, धाकटा चुलतभाऊ. मिसरूड फुटायच्या वयात तो घर सोडून मुंबईला गेला, तिथून जहाजात बसून ब्रह्मदेशात. रंगूनला भाताच्या गिरणीत पोती वाहिली. जपानी आले तेव्हा हजारो माणसं डोंगरातून पायी निघाली, त्यांत हाही होता. वाटेत माणसं वाळल्या पाल्यासारखी गळाली. त्याच्या सोबतीला तिकडचा एक म्हातारा भिक्खू होता. तो म्हणायचा, पुढचा डोंगर बघू नको, मागं पडलेला बघू नको, उचललेला पाय बघ. भिक्खू वाटेतच गेला. भुजंग घरी आला तो बोटांची नखं गेलेली, डोकं तासलेलं, आणि बोलणं मोजकं. आल्या आल्या दोन गोष्टी त्यानं सोडल्या : गावात भाकरी मागायला जाणं आणि वाकून जोहार घालणं.

लेण्यात शिरून त्यानं एकेका ओट्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "हितं भुतं न्हाई ऱ्हायली कधी. शिकणारी माणसं ऱ्हायली. असे ओटे म्या तिकडं बघितलेत."

तेव्हापासून काम आटोपलं की महारवाड्यातली काही घरं तिथं जमायची. आधी झाडून काढायचं. पाय धुवायचे. मग भुजंग त्यांच्याच बोलीत सांगायचा आणि सगळे मागून म्हणायचे : जीव घेणार न्हाई. न दिलेलं घेणार न्हाई. खोटं बोलणार न्हाई. मग डोळे मिटून श्वास बघायचा, आला, गेला. मग चालायचं. आणि अंधार पडायच्या आत प्रत्येकानं आपल्या दिवसातलं एक सांगायचं, ज्यानं कुणाला तरी लागलं असेल असं.

"आज म्या सासूला 'मर एकदाची' म्हणले," झुंबरबाई सांगायची. "मनात."

"मनातच?" भुजंग विचारायचा.

"तोंडानं बी. पर हळू."

हसू फुटायचं. झुंबरबाई श्वास बघता बघता घोरायला लागायची तेव्हाही फुटायचं. डोळे उघडून ती म्हणायची, "झोपले न्हाई मी. आतून बघून राह्यले."

कडूबा मात्र कधी रांगेत आला नाही. मेलेलं रेडकू ओढताना बैलगाडीचं चाक त्याच्या डाव्या पायावरून गेलं होतं. पाय सांधला, पण फरकटायचा. तो बाहेर दगडावर बसायचा, सगळ्यांच्या वहाणा राखत, चिलीम ओढत.

"चल की दादा," भुजंग म्हणायचा.

"जलमभर मेलेली ढोरं वढली. आता फुकट चालू का? आन् तुम्ही लय जल्दी चालता."

"ह्याहून हळू चालता येत न्हाई आमाला."

"मंग मला येतंय ते शिका आधी," असं म्हणून कडूबा आपला पाय पुढं करायचा आणि खोकत हसायचा.

पाऊल ऐकलं त्या संध्याकाळी सोनूबाई मागं रेंगाळली. खडकावर एक लांब चर होती, माणसाच्या पावलाएवढी रुंद, गुळगुळीत. पाण्यानं झाली असेल असं तिला आजवर वाटायचं. आज तिनं त्यात पाय ठेवला. पाय बसला. पुढचा ठेवला, तोही बसला. तिच्याआधी कुणीतरी इथून चालून चालून दगड झिजवून ठेवला होता.

"भावजी," ती भुजंगला म्हणाली, "माझ्यामागं कोण चालतंय?"

भुजंग खराटा टेकवून उभा राहिला. "बघितलं का वळून?"

"न्हाई."

"भ्यालात?"

"भ्याले की."

"मंग 'भ्याले' हे बघा. आवाज आला तर आवाज म्हणा. पाय उचलला तर पाय म्हणा." जरा थांबून तो हळूच म्हणाला, "त्या डोंगराच्या वाटंवर मलाबी यायचा ऐकू. लई जणांचा."

ती कुणाला बोलली नाही. कडूबालाही नाही.

वैशाखात पटकी आली.

पहिल्यांदा कोष्ट्याची सून गेली. सकाळी पाणी भरून आली, दुपारी हगवण लागली, दिवस मावळायच्या आत डोळे खोल गेले आणि बोटांची कातडी दिवसभर पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतली. मग तेल्याचा म्हातारा. मग एकाच घरातली दोन लेकरं. गिरजा आटून डबकी उरली होती. माणसं, ढोरं सगळी तिथंच. महारवाड्याला तर गावच्या विहिरीवर पाय ठेवायची मुभाच नव्हती, नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरायचं. भुजंगनं बैठकीच्या माणसांना सांगितलं, पाणी खळखळ उकळल्याबिगर तोंडाला लावायचं नाही. उन्हानं काहिली होत असताना चुलीपुढं बसून पाणी उकळायचं म्हणजे बाया करवादायच्या. पण उकळायच्या.

सरणाची लाकडं फोडायची ती कडूबानं. मयताचा सांगावा घेऊन गावोगाव जायचं तेही कडूबानं. तळहाताचे फोड फुटले, त्यावर दुसरे आले.

आणि अशात गावच्या एका गुराख्यानं चावडीवर सांगितलं : तिन्हीसांजेला भुताच्या ओसरीपुढं महारं मेल्यावानी चालतात. खाली माना घालून. इकडून तिकडं, तिकडून इकडं. बोलत न्हाईत, बघत न्हाईत. त्येंनीच मरीआईला वाट दाखवून गावात आणली.

गावाला ते पटलं. खरं म्हणजे लांबून बघितलं तर रांग तशीच दिसायची. सोनूबाईनं एकदा धुणं घेऊन येताना पलीकडच्या काठावरून बघितली होती आणि आपलीच माणसं असून लांबच्या वाटेनं घरी गेली होती.

काकासाहेब पाटलानं कडूबाला बोलावलं. कडूबा चावडीच्या पायऱ्यांखाली उन्हात उभा राहिला. हातातल्या महारकीच्या काठीचे घुंगरू वाजू नयेत म्हणून त्यानं मूठ आवळून धरली होती. सोनूबाई बाभळीच्या आडोशाला.

"का रं कडब्या, जोहार घालायचं इसरला काय?"

"इसरलो न्हाई, पाटील. बंद केलंय."

ओसरीवर कुणीतरी थुंकलं. पाटील चिडला नाही. तो थकलेला दिसत होता. त्याच्या घरातही भावजय अंथरुणाला होती.

"मंगळवारी भर बाराला आईचा गाडा न्यायचा. पाळी तुझ्या घराची हाय. नवरा-बायकोनं वढायचा, रिवाज तुला ठावा हाय. बोरवाडीच्या शिवंवर सोडायचा, कोंबडी कापायची, आन् मागं न बघता यायचं."

कडूबानं मान वर केली. "बोरवाडीला?"

"मंग कुठं? तिकडून वारं येत न्हाई. पुढल्याचं पुढला बघंल."

"पाटील, माझी साळू हाय तिथं दिलेली. दिवस भरलेत तिचे."

"माझ्याबी घरात माणूस पडलंय," पाटील म्हणाला. "गाडा गेला न्हाई, न्हाई तर वळून आला, तर महारवाडा जाग्यावर ऱ्हाणार न्हाई. मी थांबवलं तरी लोक थांबायचे न्हाईत. आन् ती तुमची ओसरी बंद. जा."

कडूबा वळला तेव्हा त्याचा फरकटणारा पाय पायरीला अडकला. पोरं फिदीफिदी हसली. सोनूबाईनं पदराचा शेव दातात धरला.

दुसऱ्या दिवशी लालमियाँ आला. राजूरच्या बाजारात बसणारा, गावोगाव फिरून बांगड्या भरणारा मणियार. त्यानं टोपली महारवाड्याच्या तोंडाशी ठेवली आणि हिरव्या बांगड्यांचा जुडगा काढला.

"सोनूबाई, ये गाडे के वास्ते. पाटील बोले लाने कू. पैसा नक्को."

"बोरवाडीला गेल्तात का, चाचा?"

"हौ, परसों गया था. साळू के हात में मैंच चुडियाँ भरा. अच्छी है छोरी. बोली, माँ कू बोलो, जल्दी आव." तो हसला. "उधर अबी तक एक बी बीमार नहीं. अल्ला का करम."

सोनूबाईनं बांगड्या घ्यायला हात पुढं केला नाही. लालमियाँनं तिच्याकडं बघितलं, हातातल्या बांगड्यांकडं बघितलं.

"गाडा किधर छोडनेवाले?"

"तिकडंच."

म्हाताऱ्यानं टोपलीवरचं फडकं नीट केलं, पुन्हा एकदा नीट केलं, आणि ती डोक्यावर घेऊन निघून गेला.

त्या संध्याकाळी बैठक लेण्यात भरली नाही, सोनूबाईच्या छपरात भरली. बाहेर गाडा उभा होता. सुतारानं बाभळीचा करून दिलेला, हातगाडीएवढा. त्यात शेंदूर माखलेला लाकडी ठोकळा, त्याला डोळे चिकटवलेले, खणाची चोळी, हिरवं लुगडं, दांड्यांना बांगड्यांच्या माळा. वारा नव्हता. तरी मधूनच एखादी बांगडी दुसरीला लागायची. किण्. सगळे डोळे मिटून श्वास बघत होते आणि सगळ्यांचे कान बाहेर होते.

"गाड्यात काय हाय?" भुजंगनं शेवटी विचारलं.

"लाकूड," कुणीतरी म्हणालं.

"मंग भ्यायचं काय?"

किण्.

"नुसतं लाकूड हाय तर त्येच्यासंगं मरी जाती असं कशाला म्हणत्यात?" झुंबरबाई कुजबुजली.

सोनूबाई पहिल्यांदाच मध्ये बोलली. "लाकूड असलं तर बोरवाडीच्या दारात टाकायचं काय कारण? आन् आईच असली, तर मंग कुणाच्याबी दारात कशी टाकायची?"

भुजंग तिच्याकडं वळला. "वैनी, हे म्या तिकडंबी कुणाला इचारलं न्हाई. तुम्हीच सांगा."

"मला निस्ती साळू दिसतीय."

दारात बसलेला कडूबा चिलमीतली राख झाडत म्हणाला, "मी टाकणार. हितं घरं हायेत, लेकरं हायेत. साळूचं नशीब तिच्यापाशी. म्या काय जल्माला पुरणार हाय सगळ्यांना?" आवाज चढला आणि मध्येच तुटला. तो उठून आडोशाला गेला. बऱ्याच वेळानं आला. पुन्हा गेला. सोनूबाईला वाटलं, रडायला गेला असेल.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, उन्हानं कळस गाठला. सावल्या पायाखाली शिरल्या. वेशीत हलगी कडाडत होती, पोतराज आसूड ओढून घेत होता, बाया दारातूनच भाताचे नैवेद्य गाड्यात फेकत होत्या, लांबून, हात आखडून. कडूबानं दांड्या धरल्या. सोनूबाईच्या कमरेला मागून लिंबाचा मोठा डहाळा बांधला. रिवाज असा की नवऱ्यानं ओढायचं आणि बायकोनं मागं चालत डहाळ्यानं माग पुसत जायचा, म्हणजे आईला परतीची वाट सापडत नाही. चाकाचा माग नाही, माणसाचा नाही. काळी कोंबडी पाय बांधून दांडीला उलटी लटकवली.

शिवेच्या दगडापर्यंत गाव मागं होतं. मग हलगी थांबली. इतकी एकदम थांबली की कानात किडे बोलायला लागले.

पुढं दोघंच. पांढुरकी वाट, दोन्हीकडं नांगरून टाकलेली काळी रानं, ढेकळांवरून तरळणारी झळ. चाक करकरायचं. बांगड्या वाजायच्या. सोनूबाईच्या मागं डहाळा धुळीत सळसळायचा.

बऱ्याच अंतरावर तिच्या ध्यानात आलं, सळसळीत आणखी एक आवाज आहे.

पाऊल. धुळीत, मऊ. ती थांबली तर थांबलं.

इथं लेणं नव्हतं, खडक नव्हता. भर बाराची वेळ होती. 'आवाज,' ती मनाशी म्हणाली. 'भ्याले. पाय उचलला. पाय टेकला.' घाम कानशिलावरून ओघळत होता आणि पाठ गार पडली होती.

कडूबा वाकत चालला होता. आधी तिला वाटलं, चढ आहे. मग वाट सपाट झाली तरी तो वाकलेलाच. एकदा दांड्या ठेवून तो रानात जाऊन बसला. परत आला तेव्हा ओठ पांढरे होते. बोलायची बंदी होती. तिनं नुसतं बघितलं. त्यानं नजर चुकवली. तिला तेव्हा उमगलं, काल हा आडोशाला कशासाठी जात होता. उकळलेलं पाणी तिनं सगळ्यांना पाजलं. हा सरणाची लाकडं फोडून थकून आला की डबक्यातच तोंड घालत असेल.

बोरवाडीची शीव आली. चिंचेखाली शेंदरी दगड. पलीकडच्या उतारावर झोपड्या दिसत होत्या, अगदी जवळ. एका झोपडीपुढं एक बाई गोवऱ्या उलथत होती. पोट पुढं आलेलं, एक हात कमरेवर. चालण्यावरूनच सोनूबाईनं ओळखली.

कडूबानं दांड्या खाली ठेवल्या. कोंबडी सोडवली. विळा काढला, तिच्या मानेवर धरला. त्यानं विळा टाकला, कोंबडीच्या पायाची दोरी सोडली. ती फडफडून चिंचेखाली गेली. मग तो गुडघ्यावर बसला आणि ओकला. भाताच्या पेजेसारखं पाणी.

"चल," तो पुटपुटला. बंदी मोडूनच. "सोडून चल. घरं वाचतील. मी काय... चल तू."

उतारावरच्या बाईनं डोळ्यावर हात धरून बघितलं.

"आई गं!" ती ओरडली. "आई! बाबा!" आणि गोवऱ्या टाकून, पोट सावरत, उतार उतरायला लागली.

सोनूबाईनं हात वर केला. साळू थांबली नाही. "आई, का गं? काय झालं बाबाला?"

"थांब तिथंच!" सोनूबाई इतक्या मोठ्यानं ओरडली की चिंचेवरची पाखरं उठली. "एक पाऊल पुढं टाकलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. घरी जा. पाणी उकळून पी. ऐकून राह्यलीस का? खळखळ उकळून पी. जा!"

साळू खांबासारखी उभी राहिली.

मग सोनूबाईनं, जे आजवर त्या वाटेवर कुणी केलं नव्हतं ते केलं. तिनं मान वळवली. मागं बघितलं.

वाट कोरी होती. डहाळ्यानं झाडून चोख झालेली, चाकाचा माग नाही, कडूबाच्या फरकटणाऱ्या पायाचा नाही, तिचा स्वतःचा नाही. आणि त्या कोऱ्या धुळीवरून पावलं आली होती. अनवाणी. एका पावलाला लागून दुसरं, मध्ये वीतभरही जागा नाही, अगदी सावकाश चालणाऱ्याची. थेट तिच्यापर्यंत आलेली. शेवटची दोन जोडीनं टेकलेली होती, डहाळ्याच्या शेंड्यापासून हातभर. त्यांच्यावर कुणी उभं नव्हतं. ऊन होतं नुसतं.

ती त्या दोन पावलांकडं बघत राहिली. मग तिला स्वतःलाच नवल वाटेल अशा आवाजात, घरच्या माणसाशी बोलावं तसं, म्हणाली, "आलाईस तर हात लाव."

कडूबाला तिनं काखेत धरून उचललं. तो ओल्या घोंगडीसारखा जड झाला होता. गाड्यात ठोकळा मधोमध बसलेला. "आई, जरा सरक," ती म्हणाली. "त्येला जागा दे." ठोकळा तिनं कडेला केला, नवऱ्याला गाड्यात आडवं केलं, कमरेचा डहाळा सोडून त्याच्या तोंडावर सावलीला टाकला. दांड्या उचलल्या आणि गाडा वळवला.

उंबरदरीच्या वेशीकडं ती गेली नाही. नदीच्या पात्रातून लेण्याकडं निघाली. वाळूत चाक रुतायचं. ती ओढायची, छाती फुटेस्तोवर ओढायची, आणि चाक सुटायचं, एकदम, मागून कुणी खांदा दिल्यासारखं. तिनं पुन्हा वळून बघितलं नाही. आता भीतीनं नव्हे. कामात होती म्हणून.

भुजंगनं लांबूनच गाडा बघितला. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. मडक्यातलं उकळलेलं पाणी, मीठ, गूळ. चमच्या चमच्यानं. कडूबाला दगडाच्या ओट्यावर निजवलं. त्याची पाठ त्या खोलगट जागेत बरोबर बसली. बैठकीची माणसं एकेक करून आली आणि भिंतीशी बसली. झुंबरबाई त्याचे तळपाय चोळत होती. "कडूबादाजी, आता तरी चालायला या म्हणावं तर झोपायलाच आलात," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तो हसला. निदान ओठ हलले. "वहाणा... कोण राखतंय बाहेर?"

दिवस उगवताना तो गेला. सोनूबाईनं त्याचा हात धरला होता. श्वास आला, गेला. आला, गेला. मग ती पुढच्याची वाट बघत राहिली.

ऊन वर यायच्या आत गाव कड्यावर जमलं. हातात काठ्या, पलिते. गाडा लेण्याच्या तोंडाशी उभा, आणि शेजारी पांढऱ्या फडक्यात कडूबा. कुणी खाली उतरायला तयार नव्हतं. एक धोंडा येऊन गाड्याच्या दांडीवर लागला. बांगड्या खळ्ळकन फुटल्या. तो आवाज ऐकून धोंडा मारणाराच मागं सरला.

"सोने!" काकासाहेब पाटलाचा आवाज आला. "गाडा वळवलास तू? आत्ताच्या आत्ता शिवंबाहेर ने."

सोनूबाई उठली. कपाळ कोरं होतं, हात मोकळे. ती पाटलाला सरळ बघून बोलली. त्याच्याशी अशी ती कधीच बोलली नव्हती.

"मला नेता येत न्हाई, पाटील. रिवाज जोडप्याचा हाय. माझं जोडपं मोडलं."

पाटलानं लेण्यापुढं बसलेल्यांकडं काठी रोखली. "तू ऊठ रं. तुझी बाईल घे."

कुणी उठलं नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. झुंबरबाईचेही, आणि ती घोरत नव्हती.

"तुमच्या वाड्यात हाय की जोडपं," सोनूबाई म्हणाली. "तुम्ही न्या. मी मागं डहाळा घेऊन चालते."

कड्यावर कुणी हललं नाही. पाटील गाड्याकडं बघत होता. ठोकळा कलंडला होता आणि त्याचे चिकटवलेले डोळे वर, थेट त्याच्याकडं लागले होते. मग त्यानं काठी खाली केली आणि वळला. त्याच्या मागं एकेक जण गेला. पलिते धुळीत विझवलेले नंतर सापडले.

महारवाडा जाळला नाही. पण गावानं तोंड फिरवलं. भाकरी बंद, बलुतं बंद, रानात कामाला बोलावणं बंद. बाया राजूरच्या वाटेवर खडी फोडायला गेल्या, गवताचे भारे विकले. पटकी आणखी काही घरं फिरली आणि पावसाच्या आधीच जशी आली तशी उतरली. बोरवाडीत गेली नाही. पाटलाची भावजय वाचली. कशाचं कारण कशाला लावायचं, ते ज्यानं त्यानं लावलं. काळी कोंबडी झुंबरबाईनं चिंचेखालून आणली; ती पुढं बरीच वर्षं अंडी घालत होती.

गाडा लेण्यातच राहिला. शेंदराचे पोपडे गळत गेले.

आखाड सरला आणि साळू माहेरी आली. मांडीवर मुलगी, कडूबाच्या नाकाची. बापाचं सुतक तिनं सासरीच पाळलं होतं; आईनं यायला बंदी केली होती. त्या संध्याकाळी सोनूबाईनं नात झोळीत घालून झुंबरबाईच्या सासूकडं दिली आणि लेकीला लेण्यावर नेलं. पाऊस नुकताच उघडला होता. खडक काळाभोर, ओला.

"शेवटाला चाल, माझ्यामागं," सोनूबाई म्हणाली. "मान खाली. मागं बघायचं न्हाई. बाकी काही न्हाई."

रांग निघाली. सोनूबाईच्या मागं पाऊल पडत होतं. लेकीचं होतं. ते तिला ओळखू येत होतं. बाहेरच्या दगडावर वहाणा तशाच पडल्या होत्या; राखायला कुणी नव्हतं.

चालणं झालं, सगळे सांगायला बसले. आपली पाळी आली तेव्हा साळू आईच्या जवळ सरकून हळूच म्हणाली, "आई, शेवटाला तर मी होते ना?"

"व्हतीस की."

"मंग माझ्यामागं दोघं कोण चालून राह्यले होते?"

भुजंगनं डोळे उघडले. सोनूबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती खडकातल्या चरीकडं बघत होती. पावसाचं पाणी तिच्यात साचलं होतं, आणि वारा नसताना ते जरा हललं.

"त्यातल्या एकाचा पाय फरकटत व्हता का?" तिनं विचारलं.

साळूनं आठवून बघितलं. तिचे डोळे भरून आले. तिनं होय म्हणून मान हलवली.

सोनूबाई पदर सावरून उठली, खराटा कोपऱ्यात ठेवला.

"तर मंग उद्यापून जरा हळू चालू," ती म्हणाली. "त्यास्नी आपल्या चालीनं चालवत न्हाई."

आणि बाहेर येऊन, दगडावर विखुरलेल्या वहाणा तिनं जोडीजोडीनं लावून ठेवल्या.